पाठवण्याआधी सूचना वाचली जावी: कोरेगाव भीमा पंचक्रोशीतल्या ग्रुप ॲडमिनना खुले पत्र

कोरेगाव भीमा, पेरणे, वढू बुद्रुक, सणसवाडी, शिक्रापूर, लोणीकंद आणि आसपासच्या गावांतल्या सर्व व्हॉट्सॲप ग्रुपच्या ॲडमिन मंडळींना,



डिसेंबर अर्ध्यावर आला की पंचक्रोशीतल्या ग्रुपांवर एका साच्यातली सूचना फिरू लागते. १ जानेवारीच्या पार्श्वभूमीवर कोणीही आक्षेपार्ह, तेढ निर्माण करणारी पोस्ट टाकू नये, अन्यथा टाकणाऱ्यावर आणि ॲडमिनवर कायदेशीर कारवाई होईल, असा तिचा मथितार्थ. कधी खाली पोलीस ठाण्याचे नाव असते, कधी नुसतेच ‘आदेशावरून’. तिच्या वर कोणाच्या तरी वाढदिवसाचा केक असतो आणि खाली कांद्याचा भाव. दोन-चार अंगठे येतात, हात जोडलेले येतात आणि सूचना वर सरकून जाते. ती किती जणांनी वाचली, हे टाकणाऱ्यालाही ठाऊक नसते.

हे पत्र त्या सूचनेबद्दल आहे. ती कशी लिहिली जाते, का वाचली जात नाही आणि ती वाचली जावी यासाठी तुम्हाला काय करता येईल, एवढाच त्याचा विषय. पत्र पोलिसांना किंवा जिल्हाधिकाऱ्यांना न लिहिता तुम्हाला लिहिण्याचे कारण सरळ आहे. बोट ‘पाठवा’वर जाण्याच्या क्षणी सदस्याच्या सर्वांत जवळ तुम्हीच असता. गावकीचा ग्रुप, दहावीची बॅच, गणेश मंडळ, भीमजयंती मंडळ, सोसायटी, शाळेचे पालक, कंपनीतल्या शिफ्टची पोरे, ऊसतोडीचा हिशेब, अशा कित्येक ग्रुपांचे दार तुमच्या हातात आहे.

आपल्या भागाला ही काळजी इतरांपेक्षा जास्त का घ्यावी लागते, हे तुम्हाला सांगायची गरज नाही. १ जानेवारी १८१८ रोजी भीमेच्या काठी ईस्ट इंडिया कंपनीची तुकडी आणि दुसऱ्या बाजीरावाचे सैन्य यांची लढाई झाली. कंपनीने पुढे पेरण्याच्या हद्दीत स्तंभ उभारला. त्यावरच्या मृतांच्या यादीत ४९ नावे आहेत आणि त्यांपैकी २२ महार सैनिकांची मानली जातात. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या स्तंभाला अभिवादन करायला आले. आज त्या दिवशी राज्याच्या कानाकोपऱ्यातून लाखो माणसे येतात. पुणे-नगर रस्त्याची वाहतूक वळवली जाते, गाड्या अलीकडे-पलीकडे उभ्या राहतात आणि पीएमपीच्या बस माणसांची ने-आण करतात. तिथून जवळच वढू बुद्रुकला छत्रपती संभाजी महाराजांची समाधी आहे आणि तिथेही वर्षभर माणसांची रीघ असते. एवढ्या मोठ्या अभिमानाच्या दोन जागा एकमेकींच्या इतक्या जवळ असलेली गावे महाराष्ट्रात फार नाहीत.

आणि याच गावांनी २०१८ पाहिले. डिसेंबर २०१७च्या शेवटच्या दिवसांत वढू बुद्रुकमध्ये एका फलकावरून वाद पेटला. १ जानेवारीला, लढाईला दोनशे वर्षे झाली त्या दिवशी, कोरेगाव भीमा आणि सणसवाडी परिसरात दगडफेक आणि जाळपोळ झाली. एका तरुणाचा जीव गेला. ३ जानेवारीला महाराष्ट्र बंद झाला. फेब्रुवारीत सरकारने निवृत्त न्यायमूर्ती जे. एन. पटेल यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला आणि त्याच्यापुढे वर्षानुवर्षे साक्षी होत राहिल्या. कोण चुकले, कोणी भडकवले, हे ठरवण्याचे काम आयोगाचे आणि न्यायालयांचे आहे. पण एक गोष्ट साऱ्या पंचक्रोशीने अनुभवली. गाव एका बाजूला जळत होते आणि त्याच वेळी फोनमध्ये त्याच गावाविषयी गावकऱ्यांनाच न ओळखू येणाऱ्या गोष्टी येत होत्या.

इतर ठिकाणचा अनुभवही डोळ्यांसमोर ठेवावा असा आहे. जून २०१४मध्ये फेसबुकवर महापुरुषांच्या चित्रांची विटंबना झाली म्हणून पुण्यात तणाव पसरला. २ जूनच्या रात्री हडपसरला एका संगणक अभियंत्याला जमावाने मारून टाकले. त्या पोस्टशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. १ जुलै २०१८ला, रविवारच्या आठवडे बाजारी, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा पसरली. मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचून मारण्यात आले. ७ जून २०२३ला काही तरुणांच्या स्टेटसवरून कोल्हापुरात दगडफेक झाली आणि जिल्ह्याचे इंटरनेट बंद करावे लागले. शेजारच्या दौंड तालुक्यात, यवतला, १ ऑगस्ट २०२५ रोजी एका पोस्टवरून जाळपोळ झाली आणि पोलिसांना अश्रुधुराच्या नळकांड्या फोडाव्या लागल्या. कोरेगाव भीमाहून यवत काही लांब नाही. आपल्या गावांतल्या कित्येक लेकी तिकडे दिल्या आहेत.

या प्रत्येक ठिकाणी ‘असे काही टाकू नका’ हे कोणी ना कोणी आधी सांगितलेलेच असणार. मग ते ऐकले का गेले नाही?

पहिले कारण त्या सूचनेच्या भाषेत आहे. ‘आक्षेपार्ह पोस्ट टाकू नये’ हे वाक्य कोणालाच आपल्याविषयी वाटत नाही. स्वतःची पोस्ट कोणाला आक्षेपार्ह वाटते? टाकणाऱ्याच्या लेखी ती सत्य असते, समाजाला जागे करणारी असते, फार तर ‘आलेली तशी पुढे पाठवलेली’ असते. आक्षेपार्ह असते ती नेहमी समोरच्याची. त्यामुळे सूचना वाचणारा माणूस मान डोलावतो, हे दुसऱ्यांनी वाचायला हवे असे म्हणतो आणि पुढच्याच मिनिटाला व्हिडिओ पाठवतो. सूचनेत शिक्षा ठळक असते, पण काय करू नये हे धूसर असते. खरे तर याच्या उलट हवे.

दुसरे कारण वेळेचे. डिसेंबरच्या मध्यापासून फिरत असली तरी बऱ्याच ग्रुपांवर सूचना ३१ डिसेंबरच्या रात्री येते, तेव्हा ग्रुपवर नव्या वर्षाच्या शुभेच्छांचा पूर असतो. त्यात ती बुडते.

तिसरे कारण जरा अवघड आहे, पण बोलायलाच हवे. सूचना सगळ्यांना सारखी लागू होत नाही, असा सदस्यांचा अनुभव असतो. एखाद्याचा ‘जय भीम’ पाहून ॲडमिन ‘राजकारण नको’ म्हणतो आणि दुसऱ्याची एखाद्या समाजाला टोमणा मारणारी पोस्ट तशीच राहते, किंवा नेमके याच्या उलट होते. भावकीतल्या माणसाला कसे बोलायचे, मंडळाच्या अध्यक्षाला कसे थांबवायचे, हा संकोच प्रत्येक गावात असतो. पण एकदा पंक्तिप्रपंच झाला की पुढची कोणतीही सूचना कोणी मनावर घेत नाही. अभिवादन म्हणजे तेढ नव्हे. ‘जय भीम’ आणि ‘जय शिवराय’ या दोन्हींना ज्या ग्रुपवर सारखी मोकळीक असते, त्याच ग्रुपच्या ॲडमिनला तिसऱ्या वाक्यावर ‘हे काढ’ म्हणण्याचा अधिकार मिळतो.

आता कायद्याविषयी. त्या फिरत्या सूचनेमुळे तुमच्यापैकी कित्येकांच्या मनात भीती बसली आहे की सदस्याने काहीही टाकले तरी तुरुंगात ॲडमिन जाणार. गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १ मार्च २०२१ रोजी हा प्रश्न निकाली काढला. ॲडमिनला माणसे घेणे आणि काढणे एवढाच मर्यादित अधिकार आहे. सदस्य काय टाकणार हे त्याला आधी कळत नाही. म्हणून दोघांचा समान हेतू किंवा ठरवून केलेला बेत दिसत नसेल, तर सदस्याच्या पोस्टसाठी ॲडमिनला गुन्हेगार धरता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. याचा अर्थ ॲडमिनने डोळे मिटून बसावे असा नाही. स्वतः भडकावणाऱ्याला किंवा कटात सामील असणाऱ्याला हा निकाल वाचवणार नाही. पण नुसत्या धास्तीने ग्रुप ‘ओन्ली ॲडमिन’ करून ठेवण्याची गरज कायद्याने तुमच्यावर टाकलेली नाही.

टाकणाऱ्याची गोष्ट मात्र वेगळी. जाती-धर्मांत शत्रुत्व वाढवणाऱ्या मजकुराला पूर्वी भारतीय दंड संहितेचे १५३ अ कलम लागत असे. १ जुलै २०२४पासून त्याच्या जागी भारतीय न्याय संहितेचे १९६ कलम आले आहे आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ‘मी लिहिले नाही, फक्त फॉरवर्ड केले’ ही सबबही टिकत नाही. मद्रास उच्च न्यायालयाने जुलै २०२३मध्ये एका माजी आमदाराच्या प्रकरणात पुढे पाठवणाऱ्यालाही जबाबदार धरले आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात ढवळाढवळ करायला नकार दिला.

‘डिलीट फॉर एव्हरीवन’वरही फार विसंबू नये. मे २०२५मध्ये पुण्यातल्या अभियांत्रिकीच्या एका एकोणीस वर्षांच्या विद्यार्थिनीने भारत-पाकिस्तान संघर्षाविषयीची दुसऱ्याची पोस्ट आपल्या इन्स्टाग्रामवर टाकली. चूक लक्षात येताच तिने दोन तासांत ती काढली आणि माफीही मागितली. तोवर स्क्रीनशॉट फिरले होते. कॉलेजने तिला काढून टाकले, पोलिसांनी अटक केली, तिची रवानगी येरवड्याला झाली आणि परीक्षा तोंडावर आली. मुंबई उच्च न्यायालयाने तिला जामीन देताना सरकार आणि कॉलेज या दोघांनाही खडसावले. कोवळ्या वयातल्या एका चुकीसाठी मुलीचे आयुष्य उद्ध्वस्त करायला निघालात का, असा न्यायालयाचा रोख होता. न्यायालय तिच्या बाजूने उभे राहिले, पण मधले दिवस तिने कोठडीत काढले. दोन तासांपूर्वी तिला कोणी थांबवले असते तर?

याच प्रकरणाची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. सूचना देणाऱ्याचा हात फार जड झाला की अन्याय होतो. नोव्हेंबर २०१२मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद झाली, तेव्हा पालघरच्या दोन तरुणींना एका साध्या फेसबुक पोस्टसाठी अटक झाली. एकीने ती लिहिली होती आणि दुसरीने लाइक केली होती. त्या घटनेतून पुढे सर्वोच्च न्यायालयात खटला उभा राहिला आणि २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६ अ कलम रद्द झाले. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका प्राध्यापकाने व्हॉट्सॲप स्टेटसवर कलम ३७० हटवल्याचा निषेध केला म्हणून त्याच्यावर गुन्हा दाखल झाला होता. ७ मार्च २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. सरकारच्या निर्णयावर टीका करण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे आणि एखाद्या मजकुराचा परिणाम मोजताना समंजस, खंबीर मनाची माणसे गृहीत धरावीत, असे त्या निकालात सांगितले आहे. म्हणजे सूचनेचे काम तोंड बंद करण्याचे नाही. स्तंभावर, लढाईवर, पेशवाईवर, आयोगाच्या कामावर, सरकारवर लोकांनी बोलावे, भांडावे, पुरावे मागावेत. थांबवायचे आहे ते खोटे, चिथावणी आणि माणसाला माणसाविरुद्ध उठवणारे बोलावणे.

मग चांगली सूचना कशी असावी? पुढचा मजकूर नमुन्यादाखल आहे. तुमच्या गावच्या बोलीत हवा तसा बदलून घ्या.

‘मंडळी, २५ डिसेंबर ते ५ जानेवारी या काळात आपल्या ग्रुपवर एवढे पाळायचे. १) व्हिडिओ किंवा फोटो टाकताना तो कुठला, कधीचा आणि स्वतः काढलेला की आलेला, हे लिहा. माहीत नसेल तर टाकू नका. २) जखमी किंवा मृत माणसाचे चित्र नको. कोणाचे नाव, पत्ता, गाडीचा नंबर नको. ३) एखादी पूर्ण जात, धर्म किंवा गाव यांना दोष देणारे वाक्य काढले जाईल, मग ते कोणाचेही असो. ४) जमा व्हा, निघा, बघून घेऊ असे बोलावणे ताबडतोब काढले जाईल आणि पोलीस पाटलांना कळवले जाईल. ५) गडबड डोळ्यांनी दिसली तर आधी ११२ला फोन करा. तुम्ही काढलेला व्हिडिओ पुरावा असतो. तो जपून ठेवा, पोलिसांना द्या, ग्रुपवर टाकू नका. ६) अभिवादन, शुभेच्छा, इतिहासाची चर्चा, रस्ता, पार्किंग, पाणी, दवाखाना यांची माहिती यांना पूर्ण मोकळीक.’

यात ‘आक्षेपार्ह’ हा शब्द कुठेच नाही. प्रत्येक ओळीत एक कृती आहे आणि ती करायची की नाही हे शाळकरी पोरालाही कळेल. पहिली ओळ सर्वांत मोलाची, कारण जुना किंवा दुसऱ्या राज्यातला व्हिडिओ ‘आत्ताचा, इथला’ म्हणून फिरवणे ही अफवेची सर्वांत सोपी वाट आहे. कुठला, कधीचा, कोणी काढला, हे तीन प्रश्न विचारायचे ठरले की बहुतेक फॉरवर्ड तिथेच अडतात. मेसेजवर दोन बाणांची खूण असेल तर तो बऱ्याच हातांतून फिरून आलेला आहे, हेही सदस्यांना सांगा. राईनपाड्यासारख्या हत्यांनंतरच व्हॉट्सॲपने जुलै २०१८मध्ये भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा घातली. एप्रिल २०२०पासून असा खूप फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. कंपनीने गाडी हळू केली. ब्रेक अजून माणसाच्याच पायाखाली आहे.

सूचना लिहिल्यावर ती दिसेल अशी ठेवा. ती ग्रुपच्या माहितीत टाका, म्हणजे नव्याने आलेल्यालाही सापडेल. २० डिसेंबरच्या सुमारास ती पिन करा. तीस दिवसांचा पर्याय निवडला तर ती पंधरवडाभर मेहनत न घेता वरच राहते. ज्यांना वाचायला जड जाते त्यांच्यासाठी तोच मजकूर एका मिनिटाच्या व्हॉइस मेसेजमध्ये गावातल्या मान्य माणसाच्या आवाजात टाका. सणसवाडी, शिक्रापूर, रांजणगावच्या कारखान्यांत कामाला आलेली मुले मराठवाडा-विदर्भापासून बिहार-उत्तर प्रदेशापर्यंतची आहेत. त्यांच्या ग्रुपवर ती हिंदीतही जाऊ द्या. एक ॲडमिन पुरत नाही. मध्यरात्री ग्रुप पेटला आणि ॲडमिन झोपलेला असला तर सूचना कागदावरच राहते. त्या बारा दिवसांसाठी दोन-तीन ॲडमिन नेमा आणि ते वेगवेगळ्या समाजांतले असू द्या. कोणाचा मेसेज काढलात तर का काढला हे एका ओळीत ग्रुपवर लिहा आणि त्या माणसाला स्वतंत्र फोन करा. चार माणसांत पाणउतारा झाला की माणूस हट्टाला पेटतो. फोनवर ‘दादा, हे व्हिडिओचे बघ ना जरा’ म्हटले तर तो बहुधा ऐकतो. ग्रुप बंद करण्याचा उपाय अगदी शेवटी वापरा, आणि वापरलात तर पुन्हा कधी उघडणार ते सांगून वापरा. कारण ग्रुप बंद झाला की रस्ता कुठे अडलाय, बस कुठून सुटतेय, हरवलेले म्हातारे माणूस कुठे बसवलेय, ही खरी माहितीही थांबते आणि त्या पोकळीत बाहेरची अफवा शिरते.

हे काम तुमच्या एकट्यावर टाकणे योग्य नाही. १५ ऑगस्ट २००७ रोजी तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. बांधावरून, वाटेवरून, भावकीवरून होणारी भांडणे गावातच मिटावीत हा तिचा हेतू होता. तंटामुक्ती समिती आपल्या गावात असेल, तर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिने गावातल्या सर्व ॲडमिनची एक बैठक बोलवावी. सरपंच, पोलीस पाटील, दोन्ही-तिन्ही मंडळांचे कार्यकर्ते, शाळेतले एखादे गुरुजी एकत्र बसले तर सगळ्या ग्रुपांसाठी एकच सूचना ठरेल. एकच सूचना सगळीकडे दिसली की ‘आमच्यावरच का’ हा प्रश्न उरत नाही. पोलिसांनीही प्रत्येक ॲडमिनला धमकीवजा नोटीस देण्यापेक्षा खरी माहिती तातडीने पुरवणारा एक ओळखीचा नंबर द्यावा. अफवा उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत ‘असे काही घडलेले नाही’ हे अधिकृत वाक्य ॲडमिनच्या हातात पडले, तर त्याच्या शब्दाला वजन येते.

आणि सदस्यांनो, हे पत्र ॲडमिनना लिहिले असले तरी ते तुमच्याही फोनवर येईलच. ॲडमिनला नावे ठेवण्याआधी एवढे करा. ग्रुप उघडा, वर पिन केलेली सूचना शेवटपर्यंत वाचा, मगच हातातला व्हिडिओ पाठवायचा की नाही ते ठरवा.

ॲडमिन मंडळी, १ जानेवारीला येणारी माणसे तुमची पाहुणी आहेत आणि गावातली माणसे तुमची स्वतःची. दोघांचीही घरे सुखरूप राहावीत, ही तुमचीही इच्छा आहे. यंदा ‘आदेशावरून’ आलेला मजकूर तसाच पुढे ढकलू नका. आपल्या गावासाठी आपल्या शब्दांत सहा ओळी लिहा, त्या सर्वांना सारख्या लावा आणि २० डिसेंबरच्या आत ग्रुपच्या माथ्यावर पिन करा.

आपला,
पंचक्रोशीचा एक हितचिंतक